महाभूकंप आणि आपली घरे



आजच्या व्याख्यानाचा विषय चिटणिसांनी बाहेरच्या फळ्यावर लिहिला आहे : ‘इतिहासातील महाभूकंप’. मघाशी आत येताना त्या फळ्यापाशी उभे असलेले एक गृहस्थ आपल्या सोबत्याला म्हणत होते, “आज आपल्याला जपानच्या गोष्टी ऐकायच्या दिसतात. आपली जमीन काळ्या दगडाची. ती कशाला हालते!” मला त्यांचा राग आला नाही. उलट व्याख्यानाची सुरुवात कोठून करावी हा माझा प्रश्न त्यांनी सोडविला, म्हणून मी त्यांचा आभारीच आहे. कारण, मंडळी, १९९३ च्या सप्टेंबरपर्यंत किल्लारीची माणसेही अगदी हेच म्हणत असत. त्यांचीही जमीन काळ्या दगडाचीच होती.

तथापि किल्लारीकडे आपण थोड्या वेळाने जाऊ. आधी जे भूकंप जोराने सर्वांत मोठे ठरले त्यांची ओळख करून घेऊ.

भूकंप मोठा म्हणजे काय? येथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे भूकंपाचा जोर, आणि दुसरी त्याचा तडाखा. जोर हा भूकंपाचा स्वतःचा असतो. एका भूकंपाला जोराचे एकच माप असते. तडाखा मात्र गावोगाव निराळा. देवळातली घंटा वाजते ती एकदाच; परंतु गाभाऱ्यातल्या माणसाच्या कानठळ्या बसतात आणि वेशीपाशी ती मंजुळ वाटते, त्यातलाच हा प्रकार आहे.

जोर मोजण्याची पद्धत १९३५ साली अमेरिकेत चार्ल्स रिश्टर यांनी घालून दिली. पुढे फार मोठ्या भूकंपांना ती अपुरी पडू लागली, तेव्हा जमिनीखालचा खडक किती लांबरुंद फाटला आणि किती सरकला यावरून जोर काढण्याची सुधारलेली रीत आली. तिच्यातली खुबी एवढीच लक्षात ठेवा की, मापाचा आकडा एकाने वाढला म्हणजे बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीस पटींनी वाढते. पाचाच्या भूकंपापेक्षा सहाचा बत्तीस पट, आणि सातचा सुमारे हजार पट. साधी बेरीज समजून हे आकडे वाचणारा माणूस पार फसतो.

ही शक्ती येते कोठून? आपल्याकडे तूर काढली की तुराट्या उरतात. त्यांतली एक हातात घ्या आणि दोन्ही टोके धरून सावकाश वाकवा. ती वाकत जाते, आपण जोर लावीत जातो, आणि एका क्षणी काडकन मोडते. हाताला झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्या म्हणजे भूकंप. पृथ्वीचे कवच अखंड नाही. लहानमोठ्या अनेक तुकड्यांचे ते बनलेले आहे, आणि हे तुकडे वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकत असतात. आपण ज्यावर बसलो आहोत तो तुकडा उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली रेटा देत आहे. जेथे दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत अडकतात तेथे खडक तुराटीसारखा वाकत राहतो, शतकानुशतके वाकत राहतो, आणि मग मोडतो.

यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांत सर्वांत मोठा झाला तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, १९६० सालच्या मे महिन्याच्या २२ तारखेला. माप ९.५. समुद्राकाठचा सुमारे हजार किलोमीटर लांबीचा पट्टा एका दमात फाटला. हजार किलोमीटर म्हणजे येथून सरळ रेषेत निघालात तर दिल्ली ओलांडून पुढे जाल! त्या फाटेवर खडक वीस मीटरच्या आसपास सरकला. व्हाल्दिव्हिया शहराच्या आसपासची जमीन खाली बसली आणि शेतांची दलदल झाली. समुद्र खवळून उठला तो पंधरा तासांनी हवाई बेटांवर आदळला, तेथे हिलो गावी ६१ माणसे बुडाली. आणि त्यानंतर काही तासांनी पॅसिफिक महासागराच्या दुसऱ्या टोकाला, जपानच्या किनाऱ्यावर, त्याच लाटांनी शंभराहून अधिक माणसे नेली.

एवढ्यावर संपले नाही. डोंगर घसरून रिन्यिहुए नावाच्या सरोवराचे तोंड बुजले. पाणी चढू लागले. तो बांध एकदम फुटता तर खालचे व्हाल्दिव्हिया शहर धुऊन निघाले असते. तेव्हा अभियंते, सैनिक आणि मजूर चिखलात उतरले. यंत्रे रुतू लागली तेथे फावडी घेऊन त्यांनी बांध उकरला, आणि सुमारे दोन महिन्यांच्या खटपटीनंतर ते पाणी सावकाश सोडून दिले.

यानंतरचा क्रम थोडक्यात सांगतो. १९६४ च्या मार्चमध्ये अलास्कात ९.२ चा भूकंप झाला. जमीन चार मिनिटांहून अधिक काळ हालत होती. २००४ च्या डिसेंबरात सुमात्राजवळ ९.१ चा, त्याच्या लाटा आपल्या अंदमानात आणि तमिळनाडूतील नागपट्टणमला कशा आल्या हे आपण विसरलेलो नाही. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या वर माणसे त्या दिवशी गेली. २०११ च्या मार्चमध्ये जपानात जवळजवळ तेवढ्याच जोराचा, आणि त्यापूर्वी १९५२ साली रशियातील कामचात्का येथे ९.० चा. आपल्या देशापुरते बोलायचे तर १९५० च्या १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी, आसाम-तिबेटच्या सीमेवर ८.६ चा भूकंप झाला. समुद्रापासून दूर, भर जमिनीवर झालेल्या मोजलेल्या भूकंपांत त्याहून मोठा दुसरा नाही. तेथेही दरडी कोसळून सुबनसिरी नदी अडली. परंतु ते डोंगर दुर्गम. फावडे घेऊन तेथे जाणार कोण? काही दिवसांनी तो बांध आपोआप फुटला आणि त्या पुरात शेकडो माणसे बुडाली.

आता किल्लारीकडे येऊ.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतल्या गावांनी गणपती बोळविले. मिरवणुका आटोपून माणसे उशिराने अंथरुणाला पाठ टेकून निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हालली. मिनिटभराच्या आत सारे संपले होते. सुमारे दहा हजार माणसे मेली. बावन्न गावे अशी उद्ध्वस्त झाली की ती पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

या भूकंपाचे माप किती होते? ६.२.

मघाचा हिशेब आठवा. चिलीच्या त्या भूकंपात जेवढी शक्ती मोकळी झाली तेवढी भरून काढायला किल्लारीसारखे सुमारे नव्वद हजार भूकंप लागतील. आणि खुद्द चिलीत त्या वेळी मेलेल्यांचा आकडा सोळाशेच्या आसपास धरला जातो. नव्वद हजारावा हिस्सा शक्ती, आणि मृत्यू सहा पट! हे असे का झाले, याचे उत्तर शोधण्यासाठीच आजचे व्याख्यान आहे.

काही उत्तरे लगेच सुचतात. किल्लारीचा भूकंप जमिनीत फार खोल नव्हता, अगदी वस्तीखालीच होता. आणि वेळ झोपेची होती. चिलीला दैवाने हात दिला होता. तेथे आदल्या दिवशी मोठा धक्का बसलेला, आणि मुख्य भूकंपापूर्वी पाव तास आणखी एक धक्का बसल्यामुळे माणसे घराबाहेर येऊन उभी होती. ही कारणे खरी आहेत. परंतु “घराबाहेर होती म्हणून वाचली” या वाक्यातच सारे आले. उघड्या रानात उभ्या असलेल्या माणसाला भूकंप सहसा मारीत नाही. मारते ते घर.

किल्लारीची घरे कशी होती? दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती. बाहेरून पाहिले तर किल्ल्यासारख्या. पण भिंतीला दोन तोंडे असत, एक आतले आणि एक बाहेरचे. मध्ये दगडगोटे आणि मातीचा भराव. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. सांधायला चिखल. वर लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. तिकडे याला माळवद म्हणतात, आपल्या वऱ्हाडात धाबे. पाऊस गळू नये म्हणून दर सालाला थोडी माती वर चढायची. आजोबांनी घातली, वडिलांनी घातली, मुलाने घातली. खालची काढली कोणीच नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर फूटभर मातीचा थर धरला तर ते ओझे साडेचार टनांच्या आसपास भरते. चार-पाच भरलेल्या बैलगाड्या डोक्यावर टांगून माणसे निजत होती. आणि कित्येक घरांत तो थर फुटाहून जास्त होता.

जमीन आडवी हालली तेव्हा भिंतीची दोन तोंडे एकमेकींपासून सुटली, एक आत, एक बाहेर. मधला भराव ओघळला आणि वरची माती खाली आली. ढिगाऱ्याखाली सापडलेली कित्येक माणसे त्या मातीतच गुदमरली. ज्यांचे वाडे मोठे, ज्यांच्या भिंती जाड, त्यांची हानी अधिक. गावकुसाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारा गरीब मात्र पुष्कळदा अंग झटकून उठला. आयुष्यभर ज्याने दगडी घराची आस धरली, त्याला त्या रात्री नुसत्या कुडाने वाचविले.

या लोकांना अडाणी म्हणू नका. ते घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, चोराला न फुटणारे आणि आपल्याच रानातल्या दगडमातीचे होते. शहाणपणाने बांधलेले ते घर होते. फक्त एका गोष्टीचा विचार त्यात नव्हता, कारण ती गोष्ट त्यांच्या आठवणीत कधी घडलेलीच नव्हती. आणि काही घरांत तर सुटकेचा उपायही होता. जेथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर तोललेले होते, आणि खांब-तुळयांचे सांधे पक्के होते, तेथे भिंती ढासळल्या तरी छत उभे राहिले आणि खालची माणसे जगली. सुताराचे काम गवंड्याच्या कामापेक्षा सरस ठरले.

आता सारा इतिहास या नजरेने पाहा. मृत्यूच्या हिशेबाने जगातला सर्वांत भयंकर भूकंप चीनच्या शान्सी प्रांतात १५५६ साली झाला. सव्वाआठ लाखांच्या वर माणसे गेली असे तिकडचे जुने लेख सांगतात. जोराने तो चिलीच्या जवळपासही नव्हता. परंतु तेथील लोक मऊ पिवळ्या मातीच्या कड्यांत कोरलेल्या घरांत राहत, आणि ते कडेच खाली आले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०१० साल घ्या. जानेवारीत हैतीमध्ये ७.० चा भूकंप झाला. एक लाखाहून कितीतरी अधिक माणसे मेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, शक्तीने जवळजवळ पाचशे पट, आणि मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास. चिलीने १९६० चा धडा घेतला होता. घर कसे बांधावे याचे नियम तेथे केले गेले, आणि बरेचसे पाळलेही गेले.

काळ्या दगडाची जमीन हालत नाही या समजुतीचे आता काय करायचे? आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. किल्लारीपाशी पुढे भोक पाडून पाहिले तेव्हा हा दगड साडेतीनशे मीटरही खोल नव्हता. त्याखाली फार प्राचीन खडक लागला. त्या जुन्या खडकात जुन्या भेगा आहेत. उत्तरेला हिमालयाशी चाललेल्या रेट्याचा ताण त्या भेगांपर्यंतही पोचतो, आणि हजारो वर्षांत एखादी सरकते. काळा दगड ही वरची गोधडी; खाली खाट कशी आहे ते गोधडीवरून कळत नाही.

महाराष्ट्राला याची पहिली मोठी सूचना १९६७ सालीच मिळाली होती. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. माप किल्लारीच्याच आसपासचे. धरणाला भेगा पडल्या. परंतु ते उभे राहिले आणि पुढे मजबूत केले गेले. धरणात साठलेले पाणी खोल भेगांत शिरून त्यांची पकड सैल करते आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, याचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. येथे कोणी विचारील, मग आपल्या इसापूरचे, अरुणावतीचे काय? जगात मोठी धरणे हजारोंनी आहेत, आणि ज्यांच्यामुळे भूकंप झाले अशी फार थोडी. धरण ताण निर्माण करीत नाही. असलेल्या ताणाला वाट देते.

सरकारी नकाशाची कथा ऐका. देशाचे भूकंपाच्या धोक्याप्रमाणे पट्टे पाडलेले असतात. १९९३ साली किल्लारीचा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, पट्ट्यात होता. पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि पहिला पट्टा रद्दच केला गेला. भारतात अजिबात निर्धास्त राहावे अशी जागा नाही, ही त्यातून दिलेली कबुली होती. त्यानंतर निदान आपण तरी जागे व्हायला हवे. १९९७ च्या मेमध्ये जबलपूरला ५.८ चा भूकंप होऊन सुमारे चाळीस माणसे मेली. २०२४ च्या मार्चमध्ये, २१ तारखेला सकाळी, हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा तेवढाच. पैनगंगेच्या अलीकडे आपल्या उमरखेड-पुसदकडेही ते जाणवले. घाबरवावे म्हणून हे सांगत नाही. आपल्याकडे मोठा भूकंप येण्याचा संभव कमीच आहे, हे शास्त्रज्ञही सांगतात. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि किल्लारीचाही कमीच होता.

“मग आधी सांगता येत नाही का?” हा पुढचा प्रश्न. १९७५ च्या फेब्रुवारीत चीनमधील हाइचेंग येथे लहान धक्क्यांवरून धोका ओळखून लोकांना घराबाहेर काढले, आणि खरोखरच भूकंप झाला. हजारो जीव वाचले. जगभर आनंद झाला. पुढच्याच वर्षी त्याच देशात तांगशान शहर कसलीही पूर्वसूचना न मिळता एका रात्रीत कोसळले आणि अधिकृत आकड्याप्रमाणे दोन लाख बेचाळीस हजार माणसे गेली. किल्लारीलाही १९९२ साली लहान धक्के बसले होते. माणसे धास्तावली, पुढे धक्के थांबले, तेव्हा ती विसरलीही. लहान धक्क्यांमागून मोठा येईलच असे नाही, आणि येणारच नाही असेही नाही. दिवस आणि घटका सांगणारी विद्या माणसाजवळ नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एक उत्तर आपल्याकडे फार जुने आहे : हे पापाचे फळ. १९३४ च्या जानेवारीत बिहार-नेपाळात मोठा भूकंप झाला, दहा हजारांवर माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असे महात्माजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीरपणे विरोध केला; निसर्गातल्या घटनेचा आणि माणसाच्या नीतीचा असा संबंध जोडू नये, असे त्यांचे म्हणणे. महात्माजींचा मोठेपणा असा की, तो विरोध त्यांनी आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला. अस्पृश्यता हे पाप आहे याविषयी दोघांचे एकमत होते. भूकंपाविषयी मात्र मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. किल्लारीत पाळण्यातली मुले मेली. त्यांनी कोणते पाप केले होते? पण माहीत असून कच्ची भिंत उभारणे, आणि तिच्याआड दुसऱ्याची मुले बसविणे, याला काय म्हणावे ते आपणच ठरवा.

तर करायचे काय? सांगण्यासारखे आहे ते महागडे नाही. दगडी भिंत बांधताना थोड्याथोड्या अंतरावर आरपार दगड घालावा, म्हणजे भिंतीची दोन तोंडे एक होतात. कोपरे एकमेकांत गुंतवावेत. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून चारी भिंतींभोवती सळया घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा. पिंपाला कडी असते तशी ही घराची कडी. ज्यांची जुनी धाबी आहेत त्यांनी वर नवी माती चढविण्यापूर्वी जुनी काढावी. किल्लारीनंतर जी गावे दुरुस्त झाली, नवी वसली, त्यांत हेच धडे गिरविले गेले.

आणि शहरातल्या मंडळींनी “आमचे घर सिमेंटचे, आम्हांला काय भय” असे म्हणू नये. २००१ च्या २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा तेथून दोनशेहून अधिक किलोमीटरांवरच्या अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या कित्येकींत खाली गाड्या ठेवण्यासाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. वरचे मजले शाबूत आणि खालचे खांब मोडलेले, असे दृश्य पाहावे लागले. आता आपल्याही यवतमाळात खाली गाड्या आणि वर बिऱ्हाडे अशा इमारती उभ्या राहत आहेत. सदनिका घेताना आपण फरशीचा रंग विचारतो, नळाची तोटी फिरवून पाहतो. खांबांचा हिशेब कोणी केला आणि त्यात भूकंपाचा विचार होता की नाही, हे किती जण विचारतात? तुमच्या गावी शाळेची नवी खोली बांधली जात असेल, तर पट्टा घातला की नाही हे भिंत डोक्याइतकी वर आली असतानाच पाहता येते. गिलावा झाल्यावर सारख्याच दिसतात, चांगल्या आणि वाईट.

चिलीचा भूकंप पुन्हा होईल तेव्हा होईल. त्याचा जोर कमी करणे कोणाच्याच हाती नाही. भिंतीतला आरपार दगड मात्र गवंड्याच्या हाती आहे, आणि गवंड्याला तो घालायला सांगणे आपल्या हाती आहे. मघाशी फळ्यापाशी भेटलेले ते गृहस्थ सभेत कोठे बसले असतील तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे : आज घरी जाऊन निजण्यापूर्वी क्षणभर वर पाहा, आपल्या डोक्यावर काय आहे आणि ते कशावर टेकले आहे. उत्तर समाधानाचे मिळाले तर निर्धास्त झोपा. न मिळाले तर उद्या सकाळी गवंड्याला बोलवा.